अण्णांचा हात

१

अण्णा निवृत्त झाल्यापासून आमच्या घरातल्या दुपारी एका ठरलेल्या चालीनं जायच्या. जेवणं झाली की आई भांडी आवरून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, शास्त्र ऐकायला जायची. मी सकाळचा क्लास संपवून आलेली असायची. राजारामपुरीतच, घरापासून थोड्या अंतरावर, मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायची आणि पुढची बॅच संध्याकाळी असायची. अण्णा गॅलरीतल्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे. आत पडल्या पडल्या मला पानं उलटल्याचा आवाज यायचा. मध्येच एखादी बातमी पटली नाही की ते मोठ्यानं म्हणायचे, "खोटं हाय हे!" आणि पुढचं पान उलटायचे.

अण्णांचं नाव शांतिनाथ. सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून गेली. उसाचा रस बघून तो कुठल्या पट्टीतला ऊस असावा हे बाकीचे लोक सांगायचे, अण्णा मात्र नळीत घालून तपासल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. घरातही तसंच. आईला भूतबाधेवर बोलायची सोय नव्हती.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात ते दुपारी झोपायला लागले. जेवता जेवता मान खाली पडायची. रात्री मात्र घरभर फिरत राहायचे. "वय झालं, झोप उलटी झाली," आई म्हणाली, आणि मलाही ते पटलं.

एका दुपारी पानांचा आवाज येईना म्हणून मी बाहेर डोकावले. पेपर मांडीवरून घसरून फरशीवर पडला होता. अण्णा जागेच होते. उजवा हात त्यांनी कठड्यावरून सरळ पुढं काढला होता, तळवा समोर, बोटं फाकलेली. तो हात मनगटातून खाली पडत होता आणि पुन्हा वर येत होता. पुन्हा पडत होता.

कुणाला तरी बोलावल्यासारखा. ये. ये. ये.

मी खाली बघितलं. ऊन, दुपारपुरती ओढून घेतलेली शटरं, कोपऱ्यावर झाडाखाली लावलेली एक रिकामी रिक्षा. माणूस कुठंच नव्हता.

"कुणाला बोलावताय अण्णा?"

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं आणि मग हाताकडं. तो हात कुणीतरी आपल्याला आणून चिकटवलाय अशा नजरेनं ते त्याच्याकडं बघत होते.

"मी कुठं बोलावतोय?" ते म्हणाले. "हात बोलावतोय."

२

डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढं करायला सांगितले, ट्रॅफिक पोलीस गाड्या थांबवतो तसे. अण्णांनी केले. क्षणभर ते स्थिर राहिले, मग दोन्ही मनगटं एकामागून एक गळून पडली, वर आली, पुन्हा गळाली.

डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. "चांदणी काढा बघू."

आयुष्यभर यंत्रांच्या सुबक आकृत्या काढलेला माणूस. त्यानं पाच रेघा ओढल्या, पण एक रेघ दुसरीला मिळाली नाही. अण्णा बराच वेळ कागदाकडं बघत बसले. "जुळंना झालंय," ते हळूच म्हणाले.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं. अण्णांचं यकृत निकामी होत आलं होतं. तरुणपणी मोटारसायकलवरून पडले तेव्हा रक्त भरलं होतं, त्यातून काविळीचा विषाणू आला असावा आणि इतकी वर्षं तो आत गुपचूप काम करत राहिला. यकृत रक्तातला कचरा गाळतं. ते गाळेनासं झालं की तो कचरा, मुख्य म्हणजे अमोनिया, मेंदूपर्यंत पोचतो. मग झोप उलटते, माणूस बडबडतो, घरच्यांना ओळखत नाही, हात असे फडफडतात.

"आमच्या घरात कुणी दारूच्या थेंबाला शिवलं न्हाय की हो," आई म्हणाली. तिला त्या क्षणी तेवढंच महत्त्वाचं वाटत होतं.

"दारूचा संबंध नाही, मावशी. पोट साफ राहिलं पाहिजे. हे औषध रोज, दोन-तीनदा पोट साफ होईल एवढं. आणि झोपेची गोळी कधीही द्यायची नाही."

ते गोडमिट्ट पातळ औषध होतं. त्यानं खरंच जादू केली. दोन दिवसांत अण्णांची नजर जागेवर आली आणि हात थांबला. मधलं काहीच त्यांना आठवत नव्हतं. मला मात्र हॉस्पिटलमधली पहिली दुपार आठवत होती. मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांच्या श्वासाला शिळ्या उसाच्या रसासारखा गोडसर, कुजका वास येत होता. हा वासही आजाराचाच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळे मिटलेलेच ठेवून अण्णा म्हणाले, "कोपऱ्यावर आलाय बघ. झाडाखाली हुबा हाय."

"कोण?"

"बोलावलं म्हणून आला. आता पाण्याबिगर हुबा हाय बिचारा उन्हात."

भ्रम. मी मुलांना मेंदूचा धडा शिकवते. रक्तातलं विष वाढलं की मेंदू नसलेली माणसं बघतो. मी आईला काही सांगितलं नाही.

३

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. अण्णा दरवर्षी उपवास करायचे. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, आईनं हात जोडले, मी भांडले. त्यांनी कबूल केलं आणि गुपचूप निर्जळी उपवास केला. औषधसुद्धा मोरीत ओतलं. दुसऱ्या दुपारी मी क्लासवरून आले तर ते गॅलरीत होते आणि हात कठड्याबाहेर होता.

ह्या वेळी हात खालच्या बाजूला होता, गल्लीकडं नाही. आमच्या इमारतीच्या दाराकडं.

"अण्णा, चला आत."

"आदिती," ते म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत होतं, एवढंच मनाला बरं वाटलं. "पावणं जिन्यात आल्यात. किती वेळ बसवून ठेवायचं? तांब्याभर पाणी दे जा."

मी त्यांना आत आणून झोपवलं, डॉक्टरांना फोन केला, आईला बस्तीतून बोलावून घ्यायला खाली उतरले. पहिल्या मजल्यावरच्या शालूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"तुमच्याकडं कोण पावणं आल्यात व्हय गं?" त्यांनी विचारलं.

माझा पाय पायरीवर थांबला. "कोण?"

"मघापासनं बसलाय की वरच्या वळणावर. पाठमोरा. मी इच्यारलं, पावणं, कुणाकडं आलाय? तर वळूनसुदिक बघितलं न्हाय. बहिरा असंल."

मी त्याच वळणावरून उतरून आले होते. तिथं कुणी नव्हतं.

"गेला असंल मग," शालूबाई म्हणाल्या आणि तांदळातला खडा बाजूला टाकला.

कुणी वस्तू विकणारा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी थकून जिन्याच्या सावलीत टेकणारे खूप असतात. परत येताना मी त्या वळणावर मुद्दाम थांबले. भिंत गार होती. हवेत तो वास होता, गोडसर, कुजका. अण्णांना धरून आत नेलं होतं, माझ्याच कपड्यांना लागला असणार. मी ओढणी नाकाशी नेली. ओढणीला साबणाचा वास येत होता.

४

अण्णा पुन्हा सावरले. ह्या वेळी जरा जास्त दिवस लागले. घरी आल्यावर त्यांनी आईची क्षमा मागितली, पर्वाच्या शेवटी मागतात तशीच, हात जोडून. आई रडली.

मी न राहवून एका दुपारी विषय काढला. अण्णा अगदी शुद्धीवर होते, पेपरवर चिडत होते.

"अण्णा, तुम्ही आजारात एका पाहुण्याबद्दल बोलता."

"बोलत असेन. अमोनिया हाय तो. प्रयोगशाळेत बाटली फुटली की डोळ्यातनं पाणी यायचं, हितं डोक्यात फुटतीया." ते हसले. मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "काय म्हणतो मी?"

"म्हणता की तो येतोय. आधी कोपऱ्यावर, मग जिन्यात."

खालून एक मोपेड गेली.

"दिसतो कसा, ते सांगितलं का मी?"

"नाही."

"मग इचारू नकोस," ते म्हणाले. "मला आठवत न्हाय ते बरंच हाय. पण आदिती, एक कर. मी परत तसा झालो तर माझा हात धरून ठेव. सोडू नको."

"तुमचा विश्वास आहे का ह्यावर?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. त्यांनी लगेच पेपर उचलला, पण पान उलटायला विसरले. "तरी धर."

५

थंडीत त्यांना ताप आला. कसल्याशा संसर्गाचा होता. औषध चालू होतं, पोट साफ होतं, तरी दुपारच्या जेवणाला बसले ते भाताकडं बघतच राहिले. आईनं हाक मारली तर म्हणाले, "अक्काताई बाहेर गेलीया." तिलाच, तिचंच नाव घेऊन.

आई रिक्षा बघायला खाली धावली. घाईत दार उघडंच राहिलं. मी अण्णांना हॉलमधल्या दिवाणावर आडवं केलं आणि त्यांचा उजवा हात धरला. तो माझ्या मुठीत धडपडत होता. मासा पकडावा तसं वाटत होतं. मग डावा हात वर उचलला, मी तोही धरला. दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून मी दिवाणाच्या कडेवर बसले. माझी पाठ आतल्या खोल्यांकडं होती.

"कशाला अडवतीस," अण्णा पुटपुटले. "दारात आलाय."

"कुणी नाही दारात."

"व्हय. आता न्हाय दारात."

इमारत दुपारच्या वेळी असते तशी गप्प होती. आई गल्लीत कुणाला तरी हाका मारत होती, ते लांबून ऐकू येत होतं. मग माझ्या मागं, स्वयंपाकघरात, माठावरचं झाकण सरकलं.

तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. मातीवर ॲल्युमिनियम घासल्याचा. त्यानंतर पाण्यात तांब्या बुडाल्याचा आवाज. त्यानंतर कुणीतरी पाणी पीत होतं, घोट घोट, मध्ये श्वास न घेता, फार दिवस तहानलेलं असावं तसं.

आई मागच्या मागं वर आली असेल. आमच्या घराला दुसरं दार नाही. शेजारचं मांजर असेल. मांजर तांब्या धरत नाही. मी हे सगळं मनात म्हणत होते आणि उठून बघू शकत नव्हते, कारण माझ्या हातात अण्णांचे हात होते. सोडले की ते वर उठणार.

तांब्या ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. हळू, बेतानं, परक्या घरात ठेवतात तसा.

समोर टीव्ही बंद होता. काळ्या काचेत खिडकीचा उजेड होता, दिवाण होता, वाकलेली मी होते. माझ्यामागं, स्वयंपाकघराच्या दाराशी आईच्या पाटावर कुणीतरी बसलं होतं. चेहऱ्याच्या जागी काचेतला खिडकीचा उजेड पडला होता. पण हात दिसत होता. तो सरळ पुढं काढलेला होता, आमच्या दिशेनं. मनगट खाली पडत होतं आणि वर येत होतं.

माझ्या मुठीतले अण्णांचे हात एकदम थांबले. धडपड नाही, थरथर नाही. जड आणि शांत. आपण जिंकलो, असं मला वाटलं. मी त्यांचे हात सोडले नाहीत म्हणून थांबलं, असं वाटलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "अण्णा, थांबलं बघा."

त्यांचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं.

आई रिक्षावाल्याला घेऊन वर आली तेव्हा मी तशीच बसले होते. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. माठ अर्धा झाला होता.

६

"हात थांबले म्हणजे बरं झालं असं नसतं," डॉक्टर म्हणाले. "उलट. गुंगी खोल गेली की ते फडफडणंही थांबतं. कोमात गेलेत ते."

अण्णा अतिदक्षता विभागात होते. माझा भाऊ वृषभ कागलच्या एमआयडीसीतल्या नोकरीवर रजा टाकून तिथंच बाकावर झोपायचा. आई जप करायची. डॉक्टरांनी तयारीत राहायला सांगितलं होतं, आणि आम्ही तयारीत होतो, तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. पुढच्या काही दिवसांत ते उठून बसले. रक्ताचे रिपोर्ट सुधारले. डॉक्टरांनाही नवल वाटलं.

त्यांनी पुन्हा हात पुढं करायला सांगितले. अण्णांनी दोन्ही हात पुढं केले आणि धरून ठेवले. एक बोटही हललं नाही. डॉक्टरांनी "बास" म्हटलं तरी ते हात तसेच होते, दगडात कोरल्यासारखे. मग कागद आला. अण्णांनी पेन न उचलता चांदणी काढली. इतकी नेमकी चांदणी त्यांनी बरे असतानाही काढली नसती.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर आईनं गोडाचं केलं. सगळं चांगलं चाललं होतं. काही विचारलं की अण्णा बरोबर उत्तर द्यायचे. फक्त जरासं थांबून. आत कुणाला तरी विचारून येत असावेत तसं. पेपर वाचायचे, पण कुठल्याच बातमीला खोटं म्हणायचे नाहीत. पाणी खूप प्यायचे.

एका संध्याकाळी दिवे लागल्यावर ते स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "जेवायला वाढ."

आईचा हात थांबला. आमच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही, आणि हा नियम अण्णांनी कारखान्याच्या पाळीतही मोडला नव्हता. लग्नाच्या पंगतीतून ते उपाशी उठून आलेले होते.

"अंधार झाला की हो," आई म्हणाली.

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. "मग?"

आईनं वाढलं. नंतर मला म्हणाली, "आजारी माणसाला सूट असती." तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं.

मी डॉक्टरांना एकटीच जाऊन भेटले. ते समजुतीनं बोलले. मेंदूवर एवढा मोठा आघात होऊन गेला की थोडा फरक राहतो. सवयी बदलतात, स्वभाव बदलतो. "आणि तुम्ही किती दिवस नीट झोपला नाहीत?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी माझ्या वर्गातल्या मुलांना हेच सांगितलं असतं.

७

उन्हाळा पुन्हा आला होता. आई बस्तीत गेली होती. अण्णा दिवाणावर पडले होते, डोळे मिटून, आणि मी जमिनीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. बाहेर जिन्यात चपला वाजल्या. पावलं हळू वर आली, थांबली. दाराला कुणीतरी हात लावला.

"आदिती."

मी लाल पेन खाली ठेवलं.

"आदिती, दार उघड गं. मी हाय की."

आवाज दमलेला होता. खूप लांबून चालत आल्यासारखा. तो आवाज मी कशातही ओळखला असता. कडक, जरासा नाकातला, शेवटचा शब्द ओढणारा.

मी दिवाणाकडं बघितलं. अण्णांचे ओठ मिटलेले होते. डोळे मात्र आता उघडे होते आणि छताकडं लागले होते.

"उघडू नकोस," ते शांतपणे म्हणाले. "फुफाटा आत येतोय."

मी उठले. कडी काढायला मला फार वेळ लागला, कारण माझाच हात नीट चालत नव्हता. दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. उन्हाची एक तिरीप पायऱ्यांवर पडली होती आणि खालच्या मजल्यावरून चपला उतरत चालल्या होत्या. तो गोडसर, कुजका वास नव्हता. फक्त कपड्यांना घातलेली नीळ आणि घाम, माणसाचा साधा वास.

"गेला का?" मागून अण्णांनी विचारलं. दारावर आलेल्या फेरीवाल्याबद्दल घरमालक विचारतो तसं.

मी अनवाणी खाली पळाले. शालूबाईंचं दार बंद होतं. गल्लीत येताच डांबर पायाला चटकलं. गल्लीच्या टोकाशी एक माणूस चालत होता, पांढरा शर्ट, खांदे उतरलेले. आपल्या माणसाची पाठ ओळखायला चेहरा लागत नाही.

"अण्णा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

तो माणूस थांबला. त्याची मान वळायला लागली. मला गालाची कड दिसली, कानाची पाळी दिसली.

"ओ! काय गं?" डोक्यावरून आवाज आला.

मी वर बघितलं. अण्णा गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते, दोन्ही हात कठड्यावर स्थिर ठेवून, आणि माझ्याकडं बघत हसत होते.

मी पुन्हा समोर बघितलं. कोपऱ्यावर सिटी बस वळत होती. ती निघून गेली तेव्हा तिच्यामागं रस्ता मोकळा होता.

"काय गं?" वरून पुन्हा विचारलं. "कुणाला हाका मारतीस?"